रुमालावरचा डाग

लुनिंगनिंगने पांढऱ्या रुमालावर स्ट्रॉबेरीच्या जॅमचा ठिपका ठेवला, बोटाने जरासा पसरवला आणि थोडं पाणी लावून त्याच्या कडा फिकट केल्या. मग रुमाल उघड्या पुस्तकावर टाकला. शेजारी विझलेली मेणबत्ती, मागे खिडकीच्या काचेवर डोंगरावरच्या बागियो शहराचं धुकं.

"आता कसं वाटतं?" तिने विचारलं.

पलीकडच्या खाटेवर मांडी घालून तोच जॅम पावाला लावत बसलेल्या जोव्हलिनने मान वर केली. "कुणीतरी पाव खाऊन तोंड पुसलंय असं वाटतं."

"तुला नाही कळायचं."

"मला इतकंच कळतं की बरणी माझी आहे."

लुनिंगनिंगने, म्हणजे निंगने, चार-पाच फोटो काढले, त्यातला एक निवडला, रंग उतरवून तपकिरी केला. लाल तेवढा ठेवला. खाली ओळ लिहिली: 'अभ्यास माणसाकडून काय काय मागून घेतो.' आणि फोटो इंटरनेटवर टाकला.

डार्क अकॅडेमिया नावाचं जे एक जग इंटरनेटवर आहे, त्यात निंगला बऱ्यापैकी मान होता. जुनी विद्यापीठं, कातडी बांधणीची पुस्तकं, शाईचं पेन, लोकरी कोट, अर्धवट प्यालेली कॉफी, डोळ्यांखाली काळं, या सगळ्यांच्या प्रेमात पडलेल्या पोरापोरींचं ते जग. कुणी मनिलात राहून घामाघूम होत गळपट्टा गुंडाळायचं, कुणी सेबूत पंखा बंद करून मेणबत्ती लावायचं. निंगला त्यातलं काहीच ओढूनताणून करावं लागत नव्हतं. बागियोत थंडी होती, धुकं होतं, पाइनची झाडं होती, आणि ती खरोखरच साहित्य शिकत होती, तिसऱ्या वर्षाला. टेकडीच्या कुशीत खणून बांधलेल्या वसतिघरातली तळमजल्यावरची तिची खोली इतकी अंधारी होती की दुपारीही मेणबत्ती शोभायची. मागची भिंत तर थेट डोंगराला टेकलेली. तिच्यावर ओल येऊन काळपट, हिरवट नक्षी उमटली होती. लोक विचारायचे, 'हा कुठला मठ आहे?' ती उत्तर द्यायची नाही.

कोट आईकडून यायचे. तिची आई कासिल्दा खाली समुद्राकाठी, आगूच्या बाजारात जुन्या कपड्यांचा गाळा चालवायची. परदेशातून गठ्ठे यायचे, ते फोडले की त्यात हटकून जाड लोकरीचे कोट निघायचे. आगूच्या उकाड्यात ते कोण घेणार? आई ते पोत्यात भरून बसने वर पाठवून द्यायची आणि फोनवर सांगायची, "घालण्याआधी उकळत्या पाण्यातून काढ हो. कोण कुठे मेला असेल त्यात, काय सांगावं." निंग काढायची नाही. उकळलं की लोकर आटते, आणि त्या कोटांना जो जुना वास होता, तोच तर तिला हवा होता.

पावसाळा अर्धा उलटल्यापासून तिला खोकला होता. आधी तिने लक्ष दिलं नाही. मग वादळांचा महिना आला, दिवसचे दिवस पाऊस थांबेना, आणि खोकला छातीत घर करून बसला. जिना चढताना धाप लागायची. गालफडं बसली. फोटोत ती अधिकच छान दिसू लागली आणि लोक तसं लिहूही लागले: 'किती फिकट, किती सुंदर.' जुन्या गोष्टींमधून खोकत-खोकत मरणाऱ्या कवींवर त्या जगाचा फार जीव होता. निंगचाही होता, पूर्वी. आता रस्त्याने चालताना खोकल्याची उबळ आली की ती भिंतीला हात टेकून उभी राहायची आणि मनात एकच शब्द यायचा. तो शब्द तिच्या घरात मोठ्याने उच्चारला जात नसे. तिच्या आईचा भाऊ त्या आजाराने गेला होता.

आरोग्य केंद्र कॉलेजच्या वाटेवरच होतं. ती रोज त्याच्यासमोरून जायची आणि रोज उद्यावर ढकलायची. न तपासलेला खोकला हा नुसता खोकला असतो, असं काहीसं तिने स्वतःला पटवलं होतं. जॅमचा तो फोटोही त्यातूनच सुचला असावा. ज्याची भीती वाटते त्याचंच चित्र करून चारचौघांत मांडलं, की ते आपल्या ताब्यात राहील असं वाटतं. जोव्हलिन मात्र दर आठवड्याला म्हणायची, "तपासून घे गं बाई. मला रात्रभर झोप नाही तुझ्या त्या ढोलाने." जोव्हलिन बोंतोकची, इंजिनिअरिंगला होती, आणि कुठल्याही गोष्टीला नाजूक शब्द वापरण्याची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी कॉलेजला निघायच्या बेतात असताना दार वाजलं. ठोठावलं नव्हतं, थापा मारल्या होत्या. निंगने दार उघडलं तर समोर आई. पायात रबरी चपला, अंगात आगूच्या हवेतला पातळ ब्लाउज, खांद्यावर आंघोळीचा टॉवेल पांघरलेला, आणि थंडीने दात वाजत होते.

"आई? काय झालं? बाबा ठीक आहेत ना?" बाबा मालवाहू जहाजावर होते. घरी कुणी असं अचानक आलं की पहिली शंका त्यांचीच यायची.

"बाबांना काय धाड भरलीय? दाखव."

"काय दाखवू?"

"रुमाल."

निंगला क्षणभर काही समजलंच नाही. मग समजलं. तिने टेबलाकडे बोट दाखवलं. रुमाल तिथेच पुस्तकावर होता, डाग वाळून तांबूस झाला होता. कासिल्दाने तो दोन्ही हातांनी उचलला.

"आई, तो जॅम आहे," निंग म्हणाली.

आईने रुमाल उजेडाकडे धरला.

"माझा जॅम आहे, काकू," जोव्हलिन मागून म्हणाली आणि बरणी पुढे केली. "स्ट्रॉबेरी. देवाशप्पथ."

कासिल्दाने रुमाल नाकाशी नेला. वास घेतला. मग जिभेचं टोक लावलं. आणि ती मटकन खाटेवर बसली, टॉवेलमध्ये तोंड खुपसून हसायला लागली. हसता हसता ते रडणं कधी झालं, ते तिघींनाही कळलं नाही. निंग तिच्या पायाशी बसून तिचे गार पडलेले तळवे चोळत राहिली.

"पहिल्या बसने आले," आई नाक पुसत म्हणाली. "गाळा उघडाच टाकून आले. शेजारणीला सांगितलं, विकलं गेलं तर वीक, नाहीतर जाळून टाक."

"पण तू बघितलास कुठे तो फोटो? तुझ्याकडे तर साधा बटणांचा फोन आहे."

आईने ब्लाउजमधून फोन काढला. चांगला मोठा, काचेचा. "मागच्या वर्षीच घेतला. शेजारणीच्या लेकीने सगळं शिकवलं."

निंगने तो हातात घेतला. पडद्यावर तिचंच पान उघडं होतं आणि वरच्या कोपऱ्यात आईच्या खात्याचं चित्र, लाल जास्वंदीचं फूल. ते फूल तिने ओळखलं. तिच्या प्रत्येक फोटोखाली, कवट्या असोत की मेणबत्त्या, त्या जास्वंदीची एकच कॉमेंट असायची: 'छान. जेवण झालं का?' तिच्या चाहत्यांना ते इतकं आवडायचं की ते त्या कॉमेंटची नक्कल करायचे. निंगला वाटायचं, कुणीतरी गमतीदार माणूस आहे.

"तू?" ती म्हणाली. "वर्षभर?"

"मग? दुसरं कोण विचारणार तुला जेवणाचं? ते तुझे बाकीचे नुसते 'किती फिकट, किती फिकट' करतात. मेल्यांना कळत नाही, पोरगी वाळत चाललीय."

निंगला हसू आलं. आणि हसू आलं तसा खोकलाही आला. तिने दाबायचा प्रयत्न केला, तसा तो अधिकच जोराने उसळला. ती वाकली, खाटेची कड धरली, डोळ्यांतून पाणी आलं. उबळ संपायला बराच वेळ लागला. आईच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं होतं.

"हा जॅमचा नाही," कासिल्दा म्हणाली. "कधीपासून?"

निंगने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"ऑगस्टपासून, काकू," जोव्हलिन म्हणाली.

"जोव्हलिन."

"काय जोव्हलिन? मी सांगणारच. मला पण फुप्फुसं आहेत."

कासिल्दा उठली. लेकीचा एक जाड कोट खुंटीवरून काढून आपल्या अंगात चढवला, बाह्या दुमडल्या. "चल," एवढंच म्हणाली.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंचं नाव साल्बिनो. वयाने आईएवढ्याच, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी छाती तपासली, वजन केलं, घरात कुणाला होता का ते विचारलं. कासिल्दाने भावाचं सांगितलं. अंगणात उघड्यावर जाऊन थुंकी डबीत द्यायची होती. निंगने ती दिली, बाहेर जाऊन छातीचा एक्सरे काढून आणला. निकाल एक-दोन दिवसांत येईल असं डॉक्टरांनी सांगितलं.

"तोवर मास्क लाव, खोलीची खिडकी उघडी ठेव."

"आणि ताट-वाटी वेगळी," कासिल्दा म्हणाली. "मी आजच नवी आणते."

"त्याची काही गरज नाही."

"म्हणजे?"

"ताटाने नाही पसरत हा. भांड्यांनी नाही, कपड्यांनी नाही. हवेतून पसरतो, खोकल्यातून. ताट खुशाल एक ठेवा."

"आता नवीन औषधं आलीत म्हणून?"

"नाही हो. पहिल्यापासूनच नाही."

कासिल्दाने मान हलवली. परतताना ती पुढे पुढे चालत राहिली. निंगला वाटलं, आई रागावली आहे, आणि तसंच व्हायला हवं. खोलीवर आल्यावर आईने खिडकी सताड उघडली, चुलीवर भात टाकला, मासे तळले, आणि सगळं एकाच ताटात वाढून निंगसमोर मांडी घालून बसली.

"तुझ्या देल्फिनमामाला मी जेवण द्यायचे," ती म्हणाली. "मागच्या खोपटात ठेवलेला त्याला. पत्र्याचं ताट होतं त्याचं. मी ते उंबऱ्यावर ठेवायचे आणि पळायचे. तुझ्या आजोबांनी दम दिला होता, ताटाला हात लावशील तर तुलाही होईल. तो म्हणायचा, कासिल्दा, थोडा वेळ बस की, तिथेच बस, लांब. मी नाही बसले कधी."

निंगने ताट दोघींच्या मध्ये सरकवलं.

"औषध चालू होतं त्याचं. बरं वाटायला लागलं तसं सोडून दिलं. परत उलटलं. आणि एवढे सगळे दिवस बिचारा एकटा जेवला. उगाच. बाई म्हणते, पहिल्यापासूनच नाही." तिने भाताचा घास लेकीपुढे केला. "खा. तुला झाला असला तर झाला. औषध मी स्वतः घालीन तुझ्या घशात, शेवटच्या गोळीपर्यंत. पण एकटी नाही जेवायचीस तू."

खरं सांगायचं तर निंगचं अर्धं ओझं तेव्हाच उतरलं. निकाल काय यायचा तो येवो. इतके दिवस तिला आजाराची जितकी भीती होती, त्याहून जास्त या क्षणाची होती, आईला कळण्याची. आता तो क्षण येऊन गेला होता आणि आई समोर बसून माशाचे काटे काढत होती.

निकालाच्या दिवशी दोघी केंद्रात बाकावर बसल्या होत्या. कासिल्दाचे ओठ हलत होते. ती माळ आणायला विसरली होती, म्हणून बोटांच्या पेरांवर जप मोजत होती. डॉक्टरांनी आत बोलावलं. कागदाकडे बघून त्या म्हणाल्या, "क्षय नाही. थुंकीत काही नाही, एक्सरेही साफ आहे."

कासिल्दाने टेबलाची कड घट्ट धरली. "पुन्हा सांगा."

"क्षय नाही."

"अजून एकदा."

डॉक्टर हसल्या आणि त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. निंगने मागे वळून दाराकडे पाहिलं. किती महिने ती रोज या दारासमोरून गेली होती, मान खाली घालून. ही तीन-चार वाक्यं आत तेव्हाही ठेवलेलीच होती.

"पण मग खोकला कशाचा?" कासिल्दाने विचारलं. "इतका खोकला उगाच कसा येईल?"

"तेच बघायचंय. छातीत शिट्टी वाजतेय, दम्यासारखी. तुझ्या खोलीत काय काय आहे? मांजर? कोंबड्या? पक्षी?"

"पुस्तकं," निंग म्हणाली.

"डॉक्टर, हिच्या खोलीत मढी तेवढी नाहीत, बाकी सगळं जुनंच आहे. थांबा, दाखवते." कासिल्दाने जास्वंदीचं खातं उघडलं आणि फोन अभिमानाने डॉक्टरांपुढे धरला. निंगने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी चष्मा लावला. एक एक फोटो पुढे सरकवत त्या बघत गेल्या. मेणबत्ती, शाई, कोटांची रांग, तांबूस ठिपक्यांची पानं. एका फोटोवर थांबल्या, दोन बोटांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला. लेकीचा चेहरा बाजूला गेला आणि मागची भिंत पडदाभर झाली.

"ही नक्षी कसली?"

"जुनी भिंत आहे. लोकांना आवडते ती."

"ही बुरशी आहे, पोरी. काळी बुरशी. आणि ही पुस्तकांच्या कडेला पांढरी पूड दिसते ना, तीही तीच. हे कोट कुठले?"

"माझे," कासिल्दा म्हणाली. "गठ्ठ्यातले."

"धुतले होते?"

आईने लेकीकडे पाहिलं. लेकीने छताकडे पाहिलं.

"तू रोज रात्री त्या भिंतीला उशाशी घेऊन झोपतेस, ओलसर पुस्तकं नाकाशी धरतेस, आणि न धुतलेली लोकर पांघरतेस," डॉक्टर म्हणाल्या. "इथे निम्मं शहर पावसाळ्यात खोकतं, पण तू तर जणू त्याचाच अभ्यास चालवलायस." त्यांनी ओढायचं औषध लिहून दिलं, खोली बदलायला सांगितलं, आणि काही झालं तरी परत दाखवायला बजावलं.

बाहेर आल्या तेव्हा धुकं विरत होतं. कासिल्दा पायऱ्यांवरच थांबली आणि म्हणाली, "मला भूक लागलीय. तो फोटो पाहिल्यापासून पहिल्यांदा लागलीय." त्या बाजारातल्या खानावळीत गेल्या आणि आल्याचा वास येणारी कोंबडीची पेज मागवली. आईने एक वाडगा संपवला, दुसरा मागवला, आणि तिसऱ्यासाठी निंगकडे बघून म्हणाली, "तू अर्धा खाशील का, म्हणजे मला लाज वाटणार नाही." निंगने खाल्ला. आई त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी भाजीवाल्यालाही सांगून आली, "माझ्या पोरीला बुरशी झालीय," आणि तो बिचारा म्हणाला, "अभिनंदन."

वसतिघराच्या मालकिणीने दोन जिने वरची खोली दिली. तिथे खिडकी दक्षिणेला होती आणि बाजूने नवं बांधकाम चालू असल्यामुळे कुणी ती घेत नव्हतं. जोव्हलिनने लगेच मान्य केलं. "आवाज चालेल," ती म्हणाली, "हातोडी निदान रात्री झोपते." पावसाने उघडीप दिली होती. तिघींनी मिळून सगळी पुस्तकं गच्चीवर नेली आणि पत्र्यावर उभी मांडली, पानं पंख्यासारखी पसरून. सगळ्या टेकडीवरच्या घरांनी तेच चालवलं होतं. गाद्या, उशा, गालिचे, सगळ्यांच्या गच्च्यांवर ऊन खात होते. काही पुस्तकं वाचवण्यापलीकडे गेली होती. पानं एकमेकांना चिकटून त्यांची लादी झाली होती. निंगला ती टाकताना वाईट वाटेल असं वाटलं होतं. मग तिच्या लक्षात आलं, त्यातली बरीचशी उघडून तिने त्यांचे फोटो काढले होते, वाचलं त्यातलं एकही नव्हतं. जी वाचली होती ती उशाखाली, पिशवीत, इकडेतिकडे असायची, म्हणून तीच बरी राहिली होती. ती बाजूला काढताना तिला हलकं वाटलं. आता कुठलं पुस्तक उघडायचं हे ठरवायला त्याची पाठ सोनेरी आहे का हे बघायची गरज नव्हती.

कोट आईने स्वतः उकळले. मोठ्या पातेल्यातून वाफ निघत होती आणि आई काठीने ढवळत होती.

"मीच पाठवले," ती म्हणाली. "माझ्याच हाताने."

"तू उकळायलाही सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं ना? बरं झालं तू म्हणालीस. मला वाटलं मी विसरले होते." ती पुन्हा ढवळू लागली.

एक कोट आटून लहान मुलाच्या मापाचा झाला. आईने तो वर धरला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "हा आगूला खपेल. कुत्र्याला."

दुपारी उन्हात बसून निंगने फोन हातात घेतला. रुमालाचा फोटो काढून टाकायचा होता. तो तिच्या सगळ्या फोटोंत जास्त गाजला होता. काढण्याआधी तिने प्रथमच खालच्या कॉमेंटी शेवटपर्यंत वाचल्या. एरवी ती वरवर बघायची आणि सरसकट सगळ्यांना पसंतीचा लाल बदाम देऊन मोकळी व्हायची. खूप खाली, कुणी फारसं न पाहिलेली एक ओळ होती. इसिद्रा नावाच्या मुलीची, व्हिगनची. 'माझ्या रुमालावरचा खरा आहे.' आणि त्या ओळीला निंगने बदाम दिला होता.

तिने लगेच त्या मुलीला खाजगीत लिहिलं: 'माझा खोटा होता. जॅम होता. तुझा खरंच खरा आहे का?'

उत्तर यायला वेळ लागला नाही. इसिद्रा सतरा वर्षांची, मावशीकडे राहत होती. दोनदा रक्त पडलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मावशीच्या घरी लहान बाळ होतं आणि कळलं तर घराबाहेर काढतील असं तिला वाटत होतं. तिने लिहिलं, 'तुझा फोटो बघून बरं वाटलं. वाटलं, हे इतकं घाण नाहीये. सुंदर पण असू शकतं.'

निंगने फोन आईकडे दिला. कासिल्दाने वाचलं, काठी बाजूला ठेवली, ओले हात पदराने पुसावेत तसे कोटाला पुसले आणि म्हणाली, "लाव फोन."

बोलणं इलोकानोत चाललं होतं. व्हिगनच्या पोरीची आणि आगूच्या बाईची भाषा एकच. "कोण बोलतंय?" पलीकडून घाबरलेला आवाज आला.

"जास्वंद बोलतेय. ती 'जेवण झालं का'वाली."

पलीकडे ती मुलगी हसली, आणि हसता हसता खोकली, आणि तो खोकला ऐकून कासिल्दाने डोळे मिटले. पण आवाज तिने बदलू दिला नाही. तिने देल्फिनची सगळी गोष्ट सांगितली, लपवून काहीच ठेवलं नाही, औषध अर्धवट सोडल्याचंसुद्धा. "घराबाहेर नाही काढायचे तुला," ती म्हणाली. "औषध सुरू झालं की थोड्या दिवसांत तुझ्यापासून कुणाला होत नाही, असं आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाळालाही तपासून घेतील. तू सांगितलं नाहीस तर मात्र बाळाचं कठीण. समजलं? आता मावशीला दे फोन."

"आत्ता?"

"मग काय गुड फ्रायडेला? दे."

मावशी आधी ओरडली, मग रडली, मग पत्ता विचारू लागली. दुसऱ्या दिवशी ती इसिद्राला घेऊन तिथल्या केंद्रात गेली. निकाल यायला नको होता तोच आला. पण आजार अजून फार पसरला नव्हता, औषध फुकट होतं, बाळाला काही झालं नव्हतं. इसिद्राने त्या संध्याकाळी लिहिलं: 'मला वाटलं होतं कळल्यावर मी मरेन. मी तर झोपले. दुपारपासून झोपले होते. किती दिवसांनी.' निंगने ते आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "झोपू दे," आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मोकळं झालेलं होतं.

मग निंगने आपल्या पानावर सगळं लिहिलं. डाग जॅमचा होता, नक्षी बुरशीची होती, मठ म्हणजे बागियोतलं एक ओलं वसतिघर होतं. खोकला असेल तर फोटो काढू नका, तपासून घ्या, फुकट असतं. काही लोक चिडले. एकाने लिहिलं, 'तू सगळं सौंदर्य घालवलंस.' बरेच जण सोडून गेले. तिला वाटलं होतं त्याचा त्रास होईल. तिने दोन दिवस वाट पाहिली, झाला नाही. उलट अनेकांनी आपापल्या भिंतींचे फोटो पाठवले आणि विचारलं, 'ही बुरशी आहे का बघ ना.' जोव्हलिन ते मोठ्या गांभीर्याने तपासायची. "ही आहे. ही पण आहे. हा नुसता चहा सांडलाय."

आई आगूला परतली. गाळ्यातलं काही चोरीला गेलं नव्हतं. शेजारणीने उलट चांगली विक्री करून ठेवली होती.

डिसेंबरात हवा कोरडी झाली. निंग आता कॉलेजच्या ग्रंथालयात बसायची, मोठ्या खिडक्यांपाशी, जिथे दिवसभर उजेड असतो आणि फोटो अगदी सपाट येतात. परीक्षेचं वाचन चालू होतं. एका दुपारी इसिद्राचा निरोप आला. वजन वाढलं होतं, मावशी चिडत होती की भाताचं पातेलं पुरत नाही. आणि मग तिने लिहिलं होतं: 'एक सांगू? या गोळ्यांनी माझी लघवी नारिंगी होते. फँटासारखी. याचा फोटो कुणीच का टाकत नाही?'

निंग इतक्या मोठ्याने हसली की ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि दाराकडे बोट दाखवलं. तिने पुस्तकात पेन्सिल घातली, माफीचा हात केला, आणि उत्तर लिहायला बाहेर पायऱ्यांवर उन्हात जाऊन बसली.